कुत्रा कोणाचा?

प्रतापगड म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला अफझलखान आठवतो. आमचा प्रतापगड तो नव्हे. हा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. इथे महादेवाचं ठाणं आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला यात्रा भरते, उर्सालाही गर्दी लोटते. एरवी धानाच्या बांध्या, बोड्या आणि जंगल. गोठणगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, त्या अंगालाच इटियाडोहचं पाणी. या टापूत मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम केलं. लोकांच्या तोंडी ढोरांचा डॉक्टर. पदवीवाला पशुवैद्य वेगळा आणि आमच्यासारखा पदविकावाला वेगळा, पण हा फरक गावात कोणी करत नाही. कुत्रा चावल्याच्या दिवशी तर मुळीच नाही.

माणसाला कुत्रा चावला तर लस आरोग्य केंद्रात मिळते. माझ्या वाट्याला येतो तो चावणारा. निरोप येतो, अमक्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, पोराला चावलंय, कुत्रा पाहून घ्या. मग दहा दिवस त्या कुत्र्यावर नजर ठेवायची. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या थोडेच दिवस आधी. चावला त्या दिवशी लाळेत विष असेल, तर कुत्रा पुढच्या दहा दिवसांत स्वतःच आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवसांनंतर तो भाताची वाट पाहत शेपूट हलवत उभा असला, तर त्या चाव्यातून रेबीज होण्याची भीती नाही. मात्र ही नजर लशीच्या बदली नसते, लशीच्या जोडीला असते. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. "कुत्रा तं धडधाकट आहे, मंग सुई कायले?" या एका प्रश्नाला उत्तर देण्यात माझ्या नोकरीचा बराच वेळ गेला.

कुत्रा शोधायला गेलं की रोगाआधी मालकीचा प्रश्न येतो. ज्या घराच्या ओट्यावर तो पसरलेला असतो, त्याच घरचा माणूस सांगतो, "आमचा नाई जी, तो तं गावाचा आहे." पशुगणनेतही हेच. २०१९ च्या विसाव्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटके कुत्रे नोंदले गेले, देशात दीड कोटीच्या वर. एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. गायी किती, शेळ्या किती, कोंबड्या किती हे लोक चटाचट सांगतात, कोंबड्यांची तर तलंगांसकट मोजदाद असते. कुत्र्यापाशी आले की घुटमळतात. रात्रीचा उरलेला भात ज्याला ठरलेला आहे, लेकरांनी ज्याचं नाव ठेवलंय, तो कुत्रा कागदावर कोणाचाच नसतो. शेजाऱ्यानं दगड भिरकावला की तो ताबडतोब आमचा होतो. बिबट्यानं उचलला की "घरचा होता जी, लेकरासारखा." चावला की पुन्हा गावाचा. गणनेत भटके म्हणून मोजलेल्या कुत्र्यांतले कितीतरी असे संध्याकाळी एका ठरावीक दारात जाणारे असतात, हे मी खात्रीनं सांगू शकतो. शहरातल्या वादात कुत्र्याचे दोन प्रकार धरले जातात, पट्टा असलेला आणि नसलेला. आमच्याकडे मधलाच प्रकार सगळ्यात मोठा.

या मधल्या प्रकारातल्या एका कुत्र्याची हकिगत सांगतो.

मोहाचे दिवस होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. लहान लेकरं घरी कोणापाशी ठेवायची, म्हणून तीही बरोबर, आणि त्यांच्यामागे घरचा कुत्रा. अस्वलालाही मोह आवडतो आणि त्याचीही वेळ तीच. एका टोलीवरची बाई आपल्या सहाएक वर्षांच्या मुलीला घेऊन झाडाखाली वाकलेली असताना अस्वल समोर आलं. अस्वलाला दुरून दिसत कमी, अवचित माणूस पुढ्यात आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. तो तांबूस गावठी कुत्रा मध्ये पडला. समोरून भुंकायचा, अस्वल वळलं की मागून चावे घ्यायचा. तेवढ्या वेळात मायलेकी बांधीपर्यंत पोचल्या. कुत्रा नंतर आला, खांद्याची कातडी लोंबत होती. मी ती धुऊन टाके घातले. टाके घालताना त्याचं तोंड बांधावं लागतं. मालक म्हणाला, "बांधू नका जी, त्याले समजते." मी बांधलंच. गावात त्याचं नाव झालं. पानठेल्यावर ती गोष्ट दर दिवशी थोडी वाढत गेली आणि शेवटी अस्वलं दोन झाली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत, त्याच कुत्र्यानं शेजारच्या चार वर्षांच्या मुलाचा गाल फाडला.

मुलगा रोजचाच अंगणात खेळायला येणारा. कुत्रा त्याला ओळखत होता. मंडईतून आणलेल्या एका प्लास्टिकच्या गाडीवरून पोरांची ओढाओढी झाली, मुलगी पडली आणि किंचाळली, मुलगा तिच्या अंगावर झुकलेला. बाकीचं दोन क्षणांत झालं. मी गेलो तेव्हा दोन्ही घरांत भांडण पेटलेलं होतं. मुलाचा बाप म्हणत होता, कुत्रा उगाच चावला, पोरानं त्याला हातही लावला नव्हता. मुलीचा बाप म्हणत होता, "पोट्ट्यानं काई तरी केलंच असन." दोघंही माझ्याकडे पाहत होते, कारण डॉक्टर ठरवणार की कुत्र्याला डिवचलं होतं की नव्हतं.

मुलानं कुत्र्याला डिवचलं नव्हतं, हे खरंच होतं. आणि कुत्रा पिसाळलेला नव्हता, हेही दहा दिवसांत ठरलं. मला त्या अंगणात उभं राहून दिसत होतं ते एवढंच, की मोहाच्या झाडाखाली त्यानं जे केलं तेच इथे केलं होतं. आपल्या घरचं पोर ओरडलं आणि कोणीतरी त्याच्या अंगावर होतं. समोरच्याचा बेत जीव घेण्याचा आहे की गाडी ओढून घेण्याचा, हा निवाडा कुत्र्याला करता येत नाही. ज्या गुणासाठी आपण त्याला ठेवतो, त्यातला एक भाग काढून घेऊन उरलेला ठेवता येईल, असं आपण धरून चालतो. मी हे दोन्ही बापांना सांगून पाहिलं. दोघांनाही ते पटलं नाही, कारण त्यात कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती.

माझ्यापर्यंत आलेल्या लहान मुलांच्या प्रकरणांत अनोळखी कुत्रा क्वचित. बहुतेक वेळा शेजारचा, मामाच्या घरचा, शाळेच्या वाटेवरच्या किराणा दुकानातला. कारणंही तीच तीच. कुत्रा खात असताना पोर जवळ गेलं. निजलेल्याच्या अंगावर पडलं. व्यालेल्या कुत्रीचं पिल्लू उचललं. आमच्याकडे कुत्र्या बहुतेक पावसानंतर हिवाळ्यात वितात आणि पोरांना पिल्लांचा सोस त्याच दिवसांत. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा अधिक चावतो, कारण त्याला मागे सरायला जागा नसते. आणि मुलाची उंचीच अशी की त्याचं तोंड कुत्र्याच्या तोंडासमोर येतं. मोठ्या माणसाला चावा पोटरीला बसतो, मुलाला गालाला, ओठाला, डोक्याला. कुत्रा चावण्याआधी बहुधा सांगतो: अंग ताठ होतं, ओठ उचलला जातो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, गुरगुर होते. चार वर्षांच्या मुलाला ही भाषा येत नाही. मोठ्यांना यायला हरकत नाही, पण "आमचा चावत नाही" ही समजूत इतकी घट्ट असते की तिकडे कोणी बघतच नाही. गुरगुरल्याबद्दल मात्र कुत्र्याला मार मिळतो. मार खाऊन गुरगुर बंद करणारा कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

हे सगळं घरच्या, ओळखीच्या कुत्र्याबद्दल. टोळीची गोष्ट निराळी, आणि ती यात मिसळू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला पाच वर्षांच्या मुलाचा भटक्या कुत्र्यांनी जीव घेतला. त्याच महिन्यात हैदराबादच्या अंबरपेठेत चार वर्षांच्या मुलाचं तसंच झालं. त्यात त्या लेकरांनी काही केलं असेल का, असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. टोळी जमली की एकट्या कुत्र्याच्या अंगात नसलेली धिटाई येते, पळणारं लहान शरीर तिला भक्ष्यासारखं वाटतं. तिथे पोसणारी असते उघड्यावरची घाण, मटणाच्या दुकानाचा कचरा आणि लग्नाच्या मांडवामागचं खरकटं. प्रतापगडलाही यात्रा उलगली की पुढचे काही दिवस पायथ्याशी कुत्र्यांची संख्या वाढलेली मला दिसायची. यात्रेकरू जातात, पत्रावळ्या राहतात. पत्रावळ्या संपल्यावर त्याच टोळ्या भुकेनं गावात शिरतात, आणि शेळीची करडं फाडल्याच्या तक्रारी सुरू होतात. करडं फाडणाऱ्या टोळीकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं. मी ग्रामपंचायतीत हे बोललो की सगळे माना हलवायचे.

२०२५ साली दिल्लीत मुलांना कुत्रे चावण्याच्या घटनांवरून सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला आदेश झाला की दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला: नसबंदी आणि लस करून जिथून आणला तिथेच सोडा, पिसाळलेला आणि हल्लेखोर तेवढा सोडू नका. ७ नोव्हेंबरला आणखी आदेश आला, शाळा, दवाखाने, बस आणि रेल्वे स्थानकांतून हटवलेले कुत्रे पुन्हा तिथे सोडायचे नाहीत. बातमी आली त्या दिवशी आमच्याकडच्या एका गुरुजींनी मला फोन केला. शाळेला एका बाजूनं भिंतच नाही, दुपारी खिचडी शिजते, वास येताच निम्म्या गावाचे कुत्रे ओळीनं हजर. कोणता हटवायचा? त्यातले चार तर पोरांच्याच मागून येतात, शाळा सुटेपर्यंत झाडाखाली बसतात आणि सोबत घरी जातात. वाटेत जंगलाचा पट्टा लागणाऱ्या पोरांच्या आया तर कुत्रा सोबत आहे म्हणूनच निश्चिंत असतात. मी गुरुजींना भिंतीचं पाहा म्हणालो, आणि खिचडी उघडी ठेवू नका. शेजारच्या छत्तीसगडात त्याच वर्षी बलौदाबाजारकडच्या एका शाळेत कुत्र्यानं तोंड लावलेलं अन्न मुलांना वाढलं गेलं आणि मग त्यांना रेबीजची लस टोचावी लागली, हे त्यांनी वाचलेलं होतं.

जंगलालगतच्या गावात आणखी एक गुंता आहे. बिबट्याच्या भीतीनं लोक कुत्रा ठेवतात, आणि बिबट्या येतो तो मुख्यतः कुत्र्यासाठी. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. कुत्रा ओट्यावर, आणि उन्हाळ्यात त्याच ओट्यावर पोरंही निजलेली. मी लोकांना सांगायचो, भुंकण्यासाठी कुत्रा ठेवा, पण रात्री त्याला पोरांच्या अंथरुणाजवळ नको. उलट उत्तर यायचं, "मंग राखण कोण करन जी?"

जगात सगळीकडे माणसांना राखणाऱ्या जनावराची गोष्ट हवी असते. मे २०१४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला सायकलशी खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचा पाय शेजारच्या कुत्र्यानं धरला. घरची मांजर बाणासारखी आली आणि तिनं त्या कुत्र्याला हुसकलं. कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं, जगभर पाहिलं गेलं. मांजरीचं नाव तारा. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या प्राणिकल्याण संस्थेनं दरवर्षी शूर कुत्र्याला द्यायचा पुरस्कार तिला दिला आणि चषकावरचा 'कुत्रा' खोडून तिथे 'मांजर' घातलं. आमच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात मी ही गोष्ट सांगितली की पोरं टाळ्या वाजवायची. चावणाऱ्या कुत्र्याला मात्र नंतर इंजेक्शन देऊन मारलं गेलं, हे मी पोरांसमोर सांगत नसे. तोही कोणाच्या तरी घरचा राखणदारच होता.

आमच्या तांबड्यालाही मारा, असं गावात बोललं जाऊ लागलं. बोलणाऱ्यांत अस्वलाची गोष्ट रंगवणारे होतेच. पोलिसांत जाण्याची भाषा झाली. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात जनावराबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, हे कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं. ते वाचून होताच कुत्रा परत गावाचा झाला. मग मधला मार्ग म्हणून सुचवण्यात आलं की ऑटोत घालून नवेगावच्या जंगलात सोडून द्यावा. हा उपाय लोकांना फार दयाळू वाटतो. जंगलात सोडलेला गावठी कुत्रा एक तर बिबट्याच्या पोटात जातो, नाही तर हरणाची पाडसं मारत जगतो, आणि त्याच्या अंगचा डिस्टेंपर तिथल्या कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांना, लागू शकतो. मी म्हणालो, दहा दिवस तो इथेच, माझ्या डोळ्यांसमोर राहील. मेला किंवा गायब झाला तर मुलाचा धोका मोजायचा कसा? या युक्तिवादानं तो वाचला. न्यायाची, दयेची कोणतीही गोष्ट सांगितली असती तर वाचला नसता.

मुलाचं काय झालं ते महत्त्वाचं. आईनं जखमेवर आधी हळद आणि चुना भरला होता. आमच्याकडे तिखटही भरतात, आग झाली की विष उतरतं म्हणून. खरं औषध घरातच असतं: वाहतं पाणी आणि साबण, सलग पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरण चरबीचं, साबणानं ते फुटतं. ही पंधरा मिनिटं रडणाऱ्या पोराला धरून ठेवणं कठीण असतं, म्हणून सगळे दोन मिनिटांत उरकतात. गालाची जखम मेंदूजवळची, तिसऱ्या श्रेणीची. तिथे नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं, कारण लशीनं शरीर प्रतिकार उभा करीपर्यंत वेळ लागतो. ते प्रत्येक ठिकाणी नसतं. जिथे होतं तिथे त्याला नेलं. पुढच्या सुया दंडात, ठरलेल्या दिवशी. आजी मात्र वाट अडवून बसली होती, पोटातली चौदा इंजेक्शनं तिच्या पिढीनं पाहिलेली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस देशात २००५ च्या सुमाराला बंद झाली. तिची भीती अजून चालू आहे, आणि त्या भीतीपोटी पोरं चावा लपवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर चावलेल्यांत दहांपैकी चार पंधरा वर्षांखालची मुलं असतात. ओरबाडा लपवलेलं पोर मला सगळ्यात धोक्यातलं वाटतं, कारण लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही.

रेबीज झालेला कुत्रा नेहमी सैरावैरा धावत चावत सुटतो असंही नाही. मुका प्रकार असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही. मालक घेऊन येतो, "डॉक्टर, घशात हाड अडकलं, काढा." पूर्वी लोक स्वतःच हात घालायचे. आम्हाला आधीच लस टोचलेली असते, तरी अशा तोंडात हात घालायचा नाही, हे माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात दरडावून सांगितलं होतं. गाय पिसाळली तरीही पहिला समज तोच, घशात काहीतरी अडकलं. गाय सतत हंबरते, आवाज फाटतो, आणि दूध प्यालेली सगळी आळी दवाखान्यात रांग लावते. उकळलेल्या दुधानं काही होत नाही हे सांगत मी त्या रांगेच्या कडेनं फिरलेलो आहे.

या सगळ्यावर उपाय तसा ठाऊक आहे. कुत्र्यालाच लस द्यायची. वस्तीतल्या सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. गोव्यात हे वर्षानुवर्षं जाळी घेऊन, गल्लीबोळ पिंजून केलं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. नसबंदीचे नियम केंद्रानं २०२३ मध्ये नव्यानं केले, काम स्थानिक संस्थांवर टाकलं. तालुक्याच्या शहरातही जिथे शस्त्रक्रियेची सोय धड नसते, तिथे प्रतापगडच्या टोल्यांवर ती पोचायला वेळ आहे. २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, आम्ही लशीचं शिबिर लावायचो. पाळीव कुत्रे आणा म्हटलं की पाच-सहा यायचे. मग मी दवंडी बदलली: ज्याला भात घालता तो आणा. तेव्हा रांग लागली.

त्या रांगेत तांबडाही होता. मुलीच्या बापानं दोरीनं आणला होता, आणि नोंदवहीत मालक म्हणून आपलं नाव लिहायला कुरकुर केली नाही. मुलाच्या घराशी बोलणं अजून बंदच होतं, फक्त मधे काट्यांचं कुंपण आलं होतं. लस टोचून झाल्यावर मी म्हणालो, नागपूरकडून शस्त्रक्रियेची गाडी येणार आहे, याची नसबंदी करून घेऊ, कुत्रीच्या मागे भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतील.

तो म्हणाला, "मंग राखण करन का तो?"

मी सांगितलं, राखण करेल. नसबंदीनं तो घर आणि लेकरं विसरत नाही. पोर किंचाळलं की धावून जाण्याची सवयही त्यानं जाणार नाही, त्यासाठी शेजारची पोरं आली की त्याला मागच्या अंगणात ठेवावं लागेल, रोज.

त्यानं थोडा वेळ कुत्र्याच्या खांद्यावरचा जुना वण चाचपला. "पाहू जी," म्हणाला, "मोहाचा सीजन जाऊ द्या."